पार्कमध्ये सेल्फ घेत नाही म्हणून मी तीन महिने चुकीच्या जागी शोधत होतो

गिअरची लिव्हर पार्कला (उभ्या गाडीला जागच्या जागी अडवणारी जागा) ठेवून किल्ली फिरवली की डॅशवरचे दिवे लागतात, पण सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारत नाही. टिक नाही, घरघर नाही, काहीच नाही. लिव्हर न्यूट्रलला आणली की पहिल्या झटक्यात इंजिन चालू. तुमच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं हे असंच होत असेल तर पुढचं वाचा. सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा विजेचा स्विच) कुठे असतो, मल्टिमीटर कसा लावायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

माझी गाडी १९६०च्या दशकाच्या अखेरची. स्टिअरिंग कॉलमवर लिव्हर, तीन स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. काम शिकायचं म्हणून घेतली होती आणि पहिल्याच तक्रारीने तोंडचं पाणी पळवलं.

आधी एक दिलासा. न्यूट्रलमध्ये सेल्फ जोरात फिरत असेल तर बॅटरी, तिच्या केबल, सेल्फ, सोलेनॉइड, किल्लीचा स्विच हे सगळे जवळजवळ निर्दोष सुटले. करंट दोन्ही वेळा त्याच वाटेने जातो. फरक पडतो तो फक्त लिव्हरच्या जागेचा. हे मला माहीत होतं. तरीही मी सेल्फ उतरवला, साफ केला, परत चढवला. मग किल्लीचा स्विच बदलला. मग बॅटरी. का? कारण ती कामं मला येत होती. गाडीखाली सरपटत जायचा कंटाळा होता, बस्स. मीटर एकदाच लावा: बॅटरी निवांत असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि सेल्फ फिरताना ९.६च्या वर असेल तर तो विषय बंद करा. दोन्हीकडे सेल्फ रडत फिरत असेल तर तुमचा आजार वेगळा आहे, हा लेख तुमच्यासाठी नाही.

आता मधला माणूस, न्यूट्रल सेफ्टी स्विच. याचं काम एवढंच: गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच सेल्फची वाट मोकळी करायची. अमेरिकेत तर १९६८ पासून पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये सेल्फ फिरता कामा नये असा सुरक्षा नियमच आहे. कंपन्या त्याआधीपासूनही असे स्विच लावत होत्याच. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या बहुतेक गाड्यांत किल्लीपासून सोलेनॉइडच्या ‘एस’ टर्मिनलकडे जाणारी जांभळी वायर या स्विचमधूनच जाते. क्रायस्लरची तऱ्हा निराळी. तिथे स्विच सेल्फच्या रिलेला अर्थिंग देतो: तीन पिनांच्या स्विचमधली मधली पिन पार्क आणि न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सच्या बॉडीला टेकते, बाजूच्या दोन पिना रिव्हर्सच्या दिव्यांच्या. तो स्विच गिअरबॉक्समध्ये आटे पाडून बसवलेला असतो, त्याला पुढे-मागे सरकवता येत नाही. काढलात तर तेल गळणार, खाली परात ठेवा. (मी ठेवली नव्हती.)

पण स्विच कुठे बसवलाय, हा प्रश्न तो कसा काम करतो यापेक्षा मोठा आहे. माझे तीन महिने इथेच गेले, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

स्विच तीन ठिकाणी सापडू शकतो: स्टिअरिंग कॉलमवर, खाली फरशीवरच्या शिफ्टरच्या (गिअर बदलायच्या दांड्याच्या) बुडाशी, नाहीतर थेट गिअरबॉक्सच्या बाजूला. कॉलमवरचा किंवा शिफ्टरवरचा स्विच तुमचा हात कुठे आहे ते पाहतो. गिअरबॉक्सवरचा स्विच गिअरबॉक्स खरोखर कुठे आहे ते पाहतो. या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण समजतो. नव्या गाडीत असतातही. पण मधे रॉड आहेत, त्यांच्या सांध्यांत बसणारे छोटे गोल बुश आहेत, कधी केबल आहे. पन्नास वर्षांत बुश झिजतो किंवा गळून पडतो, रॉडची भोकं लांबट होतात. इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं माउंट (खालचा रबरी आधार) बसलं तर अख्खा गिअरबॉक्सच जागेवरून हलतो. मग गिअर दाखवणारा काटा ‘पी’वर (म्हणजे पार्कवर), आणि गिअरबॉक्सची स्वतःची छोटी लिव्हर पार्क आणि रिव्हर्सच्या मधल्या उंचवट्यावर अडकलेली.

माझ्या गाडीचा स्विच गिअरबॉक्सवर होता. म्हणजे पार्कमध्ये सेल्फ न देऊन तो मला सांगत होता की गाडी पार्कमध्ये नाहीये. तो खरं बोलत होता. आणि मी काय केलं? त्याचे दोन बोल्ट सैल केले, किल्ली धरायला एकाला बसवलं, आणि स्विच थोडा-थोडा फिरवत काटा ‘पी’वर असताना सेल्फ फिरेल तिथे कसून टाकला. पहिल्या फटक्यात चालू. इतका खूश झालो की त्या संध्याकाळी चार वेळा उगाच गाडी बंद-चालू केली.

चारच दिवसांनी हलक्या उतारावर गाडी पार्कमध्ये टाकून उतरलो आणि गाडी निघाली. हळूच, आवाज न करता. दार उघडं होतं म्हणून आत हात घालून हँडब्रेक ओढता आला. पुढे कोणी उभं नव्हतं.

नीट समजून घ्या, कारण ही चूक हुशार माणसंही करतात. पार्कमध्ये गाडी धरून ठेवतो तो आतला एक लोखंडी अडसर. गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरच्या दातेरी चक्रात तो जाऊन बसतो. बसला तर बसला. अर्धवट असं काही नसतं. मी स्विच सरकवला तेव्हा अडसर तसाच बाहेर लटकत होता. मी फक्त ते सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. वर आणखी एक घोळ: स्विच सरकवल्यामुळे आता रिव्हर्सच्या अगदी तोंडाशीही सेल्फ फिरत होता. अशा मधल्या अवस्थेतून चालू इंजिनाच्या कंपनाने लिव्हर आपोआप रिव्हर्सकडे घसरू शकते. ही ऐकीव भीती नाही. पार्कमधून रिव्हर्समध्ये सरकणाऱ्या गाड्यांच्या तक्रारींवरून अमेरिकेत फोर्डची मोठी सरकारी चौकशी झाली होती, आणि १९८०च्या अखेरीस झालेल्या तडजोडीत सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना डॅशवर लावायला इशाऱ्याचे स्टिकर पाठवायचं ठरलं.

तर क्रम उलटा करा. आधी गाडीखाली, मग स्विच.

सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना पुढून-मागून ठोकळे, जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. इंजिन बंद. लिव्हर पार्कला. आता गिअरबॉक्सच्या लिव्हरवरून रॉड सोडवा आणि ती छोटी लिव्हर हाताने पार्कच्या दिशेने ढकलून पाहा. आणखी एक खाच लागली, ‘खट्ट’ झालं, तर तुमचा चोर सापडला: लिंकेज, म्हणजे लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची ही रॉड-बुशची साखळी. काहीच हललं नाही, ती आधीच टोकाला होती, तर लिंकेज ठीक आहे, आता स्विचकडे वळा. पाच मिनिटांचं काम. मी ते नव्वदाव्या दिवशी केलं.

मागची चाकं उचलून खात्री करायची असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. पार्कमध्येही एक चाक हाताने फिरवलं तर दुसरं उलटं फिरतं. ते डिफरन्शियलचं (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीचं) काम, त्यात बिघाड काही नाही. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) फिरतो का ते बघा. तो जागचा हलता कामा नये. हे माहीत नव्हतं म्हणून मी एक अख्खी रात्र गिअरबॉक्स गेला असं समजून जागून काढली.

लिंकेज जुळवताना आधी बुश बदला, मगच माप धरा. सैल बुशवर केलेली ॲडजस्टमेंट दोन आठवडे टिकते. आणि जुळवणी कोणत्या स्थितीत करायची हे गाडीगणिक वेगळं असतं, काही ठिकाणी पार्क, काही ठिकाणी न्यूट्रल, काही ठिकाणी ड्राइव्ह. त्या गाडीचं कारखान्याचं मॅन्युअल मिळवा. व्हिडिओवाले ‘सगळ्या गाड्यांना सारखंच’ म्हणतात तेव्हा मी व्हिडिओ बंद करतो.

लिंकेज बरोबर आणि तरीही सेल्फ नाही? मग स्विच खरोखर संशयित. किल्ली फक्त ‘ऑन’ करून लिव्हर पार्कला ठेवा आणि मागे जाऊन बघा. रिव्हर्सचे दिवे बहुतेकदा याच स्विचमधून जातात. ते पार्कमध्येच लागत असतील, किंवा रिव्हर्समध्ये लागतच नसतील, तर स्विच सरकलाय. फुकटची तपासणी आहे, कोणी करत नाही. नंतर स्विचचा प्लग काढून मीटर लावा: पार्क आणि न्यूट्रलमध्ये जोड मिळाला पाहिजे, बाकी कुठेच नाही. न्यूट्रलमध्ये मिळतो आणि पार्कमध्ये मीटर नाचतो, म्हणजे आतला पत्रा झिजलाय किंवा ग्रीस वाळून दगड झालंय. पुष्कळ स्विचवर जुळवणीचं बारीक भोक असतं; त्यात साधारण सव्वादोन मिलिमीटरचा ड्रिल बिट घालून स्विच कसायचा असतो. अंदाजाने नाही. मी अंदाजाने केलं तेव्हा काय झालं ते वर आहेच.

आता सल्ला देणाऱ्यांविषयी. मी ज्यांच्या हाताखाली शिकत होतो ते मिस्त्री इंजिनाचे वस्ताद, कार्बुरेटर कानाने लावायचे. यावर मात्र त्यांचं उत्तर ठरलेलं: “न्यूट्रलला चालू कर ना, जुन्या गाड्या अशाच असतात.” मी त्यांचा आदर करतो आणि या वाक्याचा राग करतो. न्यूट्रलला चालू करून वेळ मारून नेता येते, पण ज्या कारणाने पार्कमध्ये सेल्फ फिरत नाही त्याच कारणाने कदाचित पार्क गाडीला धरतही नाही. दुसरा सल्ला त्याहून वाईट: “स्विचच्या दोन वायरी जोडून टाक.” मग गाडी ड्राइव्हमध्येही चालू होईल. तिसरा सर्वांत वाईट, सोलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ मारायचा. तो स्विचला विचारतच नाही. गाडीसमोर वाकलेला माणूस आणि गिअरमध्ये असलेली गाडी, पुढचं सांगायला नको. हे करू नका. घाईतही नाही, एकदाच म्हणूनही नाही.

सेल्फ मारून तपासायचंच असेल तर इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलची) मधली जाड वायर काढून इंजिनच्या बॉडीला अर्थ करा, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. पाय ब्रेकवर. सगळ्या जागा एकेक करून बघा. पार्क आणि न्यूट्रल सोडून कुठेही सेल्फ फिरला तर काम संपलेलं नाही, कितीही दमला असाल तरी.

घाबरू मात्र नका. या सगळ्यात गिअरबॉक्स उघडावा लागण्याची वेळ क्वचित येते. बोटाच्या पेरापेक्षा लहान बुश, दोन क्लिपा, एक दुपार, एवढ्यात माझं काम झालं. जुना बुश मी टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवून ठेवलाय. मिस्त्रींनी तो एकदा उचलून पाहिला, बोटांत फिरवला, आणि म्हणाले, “हा आधी का नाही दाखवलास?”