टॉल्किन यांच्या कथा आणि संशोधन एकत्र कसे वाचावे

जे. आर. आर. टॉल्किन यांना बहुतेक वाचक अद्भुतकथांचे लेखक म्हणून ओळखतात. परंतु १९२५ ते १९५९ या काळात ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते आणि जुन्या इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन करीत होते. त्यांचे कथालेखन आणि संशोधन वेगवेगळे वाचले, तर दोन्ही अर्धेच हाती लागतात. म्हणून वाचनाचा पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

आरंभ १९३७ च्या ‘द हॉबिट’पासून करावा आणि ते संपताच ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्याचा अखेरचा भाग एखाद्या चांगल्या अनुवादातून वाचावा. तेथे एक जण निद्रिस्त ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरतो आणि चवताळलेला ड्रॅगन भोवतालची वस्ती जाळत सुटतो. ‘द हॉबिट’चा नायक बिल्बोही स्मॉग या ड्रॅगनच्या राशीतून पेलाच उचलतो आणि अखेर सरोवरावरचे गाव आगीच्या भक्ष्यस्थानी पडते. हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून सावकाश वाचावेत. मगच टॉल्किन यांनी १९३६ साली ब्रिटिश अकॅडमीत या काव्यावर दिलेले व्याख्यान हाती घ्यावे. तोवर अनेक अभ्यासक या काव्याकडे प्रामुख्याने इतिहासाचे साधन म्हणून पाहत आणि त्यातील राक्षसांना गौण मानत. ते राक्षसच काव्याच्या केंद्रस्थानी आहेत, हे टॉल्किन यांनी ठामपणे मांडले आणि ‘बेओवुल्फ’च्या अभ्यासाला नवी दिशा दिली. वेळ कमी असेल तर इतर बरेच काही गाळावे, हे व्याख्यान मात्र गाळू नये.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीकडे वळण्यापूर्वी परीकथांवरील त्यांचा निबंध वाचावा; तो १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानातून सिद्ध झाला आहे. कल्पित जग आतून सुसंगत असले, तर वाचक त्यात शिरल्यावर त्यावर खराखुरा विश्वास ठेवतो, हा त्यातील विचार कादंबरी वाचताना पदोपदी आठवतो.

‘द सिल्मरिलियन’ (१९७७) हा टॉल्किन यांच्या कल्पित जगातील पुराणकथांचा ग्रंथ वाचताना एक भान ठेवावे : लेखकाच्या निधनानंतर त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी विखुरलेल्या हस्तलिखितांतून निवड करून ते सिद्ध केले. पुढे त्यांनीच १९८३ ते १९९६ या काळात टॉल्किन यांच्या कथांचे मूळ खर्डे बारा खंडांत टिपणांसह प्रसिद्ध केले. हे खंड ओळीने वाचून काढण्याचा अट्टहास करू नये. एखादा प्रसंग निवडून त्याचे खर्डे तुलनेने पाहावेत. ज्याला आपण ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील राजवंशाचा वारस अॅरागॉर्न म्हणून ओळखतो, तो सहाव्या खंडातील आरंभीच्या खर्ड्यांत लाकडी पादत्राणे घालणारा ट्रॉटर नावाचा हॉबिट, म्हणजे टॉल्किन यांनी कल्पिलेल्या बुटक्या जमातीतला एक जण आहे! एवढी थोर व्यक्तिरेखा लेखकाला लिहिता लिहिताच गवसत गेली, हे तेथे उघड दिसते.

टॉम शिपी यांचा १९८२ चा समीक्षाग्रंथ मोलाचा आहे, कारण ते स्वतः टॉल्किन यांच्याच, म्हणजे जुन्या इंग्रजी वाङ्मयाच्या, विद्याशाखेचे अभ्यासक आहेत. तो मात्र या साऱ्यानंतर वाचावा, म्हणजे त्यांची मते आपल्या वाचनाशी ताडून पाहता येतील.