रूट बिअर घेताना आधी लेबल वाचा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत मी 2004 साली आले. दरवर्षी नवीन आलेली दोन-चार मराठी कुटुंबं आमच्याकडे जेवायला येतात आणि दरवर्षी एक प्रसंग ठरलेला असतो. मी फ्रीजमधून रूट बिअरची, म्हणजे मुळांच्या स्वादाच्या एका गोड सोड्याची, तपकिरी बाटली काढते. पाहुणे म्हणतात, “नको ताई, आम्ही घेत नाही.” यात दारू नाही म्हटल्यावर एक घोट घेतात आणि लगेच, “अहो, हे तर आयोडेक्स!” ग्लास तसाच राहतो. इथे पंधरा-पंधरा वर्षं काढलेली मंडळीही त्या एका घोटावर अडून बसलेली आहेत. मला याचं वाईट वाटतं, कारण इथल्या बाटलीबंद पेयांमध्ये आपल्या घरच्या चवीच्या इतकं जवळचं दुसरं काही नाही.

वास आयोडेक्सचा येतो हे खरंच आहे. रूट बिअरमध्ये बहुधा विंटरग्रीन या झुडपाचा स्वाद असतो. त्यातला मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट, आणि आपल्याकडच्या मलमांतल्या गंधपुरा तेलातही तोच. इथल्या मुलांना तो वास च्युइंगगममधून कळतो, आपल्याला मुरगळलेल्या पायावर चोळलेल्या मलमातून. म्हणून पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. दुसरा घोट घ्या आणि वासामागे काय आहे ते बघा: व्हॅनिला, ज्येष्ठमध, थोडी बडीशेप, काकवी. माझी आजी सांगलीला उन्हाळ्यात उपळसरीचं सरबत करायची. मुळ्या ठेचून रात्रभर भिजत घालायची, सकाळी त्या पाण्याला गोडसर मातकट वास यायचा. इथे तिसऱ्या की चौथ्या वेळी रूट बिअर पिताना तोच वास मला आठवला. उपळसरीला इंग्रजीत इंडियन सार्सापरिला म्हणतात, आणि रूट बिअरच्या जुन्या कृतींमध्ये सार्सापरिला या वेलीचं मूळ अनेकदा असायचं. झाडं वेगळी आहेत, पण वासाचं नातं लागतं.

नावाचा घोटाळा फक्त आपलाच होतो असं नाही. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी 1876 च्या मोठ्या प्रदर्शनात हे पेय लोकांपुढे आणलं. ते स्वतः दारूच्या विरोधात होते. त्यांना ‘रूट टी’ म्हणायचं होतं, पण खाणकामगार चहा पिणार नाहीत म्हणून ‘बिअर’ केलं, असं सांगतात. पुढे 1895 मध्ये दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायकांच्या संघटनेने त्या नावावरूनच बहिष्कार घातला. प्रयोगशाळेतल्या तपासणीनंतर 1898 मध्ये तो उठला. जुनी चव सॅसाफ्रास या झाडाच्या मुळांची होती. त्यातल्या सॅफ्रोल या घटकावर 1960 मध्ये अमेरिकेत बंदी आली, म्हणून आता सॅफ्रोल काढलेला अर्क किंवा कृत्रिम स्वाद वापरतात.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला दोनदा सांगते. दारू असलेली रूट बिअरही मिळते. तिला हार्ड रूट बिअर म्हणतात. बाटली तशीच तपकिरी, वास तोच, चव जवळजवळ तीच. मुलाच्या आठव्या वाढदिवसाला, 2016 मध्ये, मी घाईघाईत दुकानाच्या दारातल्या मांडणीवरून सहा बाटल्यांचे दोन खोके उचलले. काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र मागितलं. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण दुकानाचा काही नियम असेल असं समजून मी ते दाखवलं. घरी कागदी पेले भरले, त्यावर आइस्क्रीम घातलं. अर्ध्या तासाने एका मुलीच्या बाबांनी रिकामी बाटली उचलून वाचली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मुलांनी थोडंसंच घेतलं होतं, कुणाला काही झालं नाही. पण रात्री मी अकरा घरी फोन करून माफी मागितली, आणि त्यातल्या एका कुटुंबाने पुन्हा आमच्याकडे मुलं पाठवली नाहीत. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हा बाटली हातात घ्या, फिरवा आणि वाचा. अल्कोहोलची टक्केवारी आहे का? गरोदर स्त्रियांसाठी आणि गाडी चालवण्याबद्दल सरकारी इशारा आहे का? असेल तर ती दारूच. विस्कॉन्सिनमध्ये साध्या किराणा दुकानातही बिअर विकतात, त्यामुळे कोणत्या दुकानातून घेतली यावर विसंबू नका. ओळखपत्र मागितलं तर बाटली परत ठेवा. मित्रांनी आणलेलीही आधी वाचा, मगच मुलांना द्या.

सुरुवात कोणत्या ब्रँडने करायची? ए अँड डब्ल्यूने. कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावात 1919 मध्ये सुरू झालेला हा ब्रँड. व्हॅनिला पुढे, औषधी वास मागे. नवख्या जिभेला हा सोपा जातो. ‘मग’ (Mug) नावाचा ब्रँड कुठेही मिळतो, मला तो फार गुळमट लागतो. बार्क्सला धार आहे, बटाटेवड्याबरोबर मला तीच लागते. पण साध्या बार्क्समध्ये कॅफीन असतं, बाकीच्या बहुतेक रूट बिअरमध्ये नसतं. रात्री मुलांना देताना हे लक्षात ठेवा. व्हर्जिल्समध्ये बडीशेप, लवंग, दालचिनी, जायफळ वेगवेगळं कळतं. मसाल्याची सवय असलेल्यांना ती आवडते.

आणि इथे राहता तर स्प्रेकर प्यायलाच हवी. मिलवॉकीला लागून असलेल्या ग्लेनडेलमध्ये त्यांचा कारखाना आहे. विस्कॉन्सिनचा मध घालतात, त्यामुळे गोडवा साखरेसारखा टोचत नाही आणि फेस दाट येतो, मिशीला चिकटेल असा. माझं मत विचाराल तर देशात याहून चांगली नाही. अमेरिकन माणसाचं एक मला मनापासून आवडतं: आपल्या गावच्या पेयाचा त्याला अभिमान असतो आणि पाहुण्याला ते तो हौसेने पाजतो. शेजारच्या आजोबांनी मला स्प्रेकरची पहिली बाटली कुंपणावरून दिली होती.

फ्लोट, म्हणजे आइस्क्रीम घातलेली रूट बिअर, घरी करा. काचेचा मग अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. आधी अर्धा मग रूट बिअर, मग व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा, मग कडेने सावकाश उरलेली. आधी आइस्क्रीम टाकून वरून भसकन ओतलं तर फेस टेबलावर येतो. वर साय आणि बर्फाचा कुरकुरीत थर जमतो, तो चमच्याने खायचा. केशर-पिस्ता किंवा कुल्फी घालू नका, वेलचीशी विंटरग्रीन जमत नाही. बाहेर प्यायची तर कल्व्हर्स या इथल्या रेस्टॉरंट साखळीत जा. त्यांची स्वतःची रूट बिअर आहे. सॉक सिटीतलं त्यांचं पहिलं दुकान 1984 मध्ये उघडलं, तेही घरच्या जुन्या ए अँड डब्ल्यू रेस्टॉरंटच्या जागेत.

साखरेचं एवढंच सांगते: 355 मिलीच्या डब्यात 40 ग्रॅमहून जास्त असते. मधुमेह असलेल्या आईबाबांना डाएट द्या.

भारतात नेण्यासाठी बाटल्या बॅगेत भरू नका, वजन वाया जातं. रूट बिअरचा अर्क छोट्या बाटलीत मिळतो. साखरेचा पाक गार करून त्यात थेंब थेंब घालायचा आणि प्यायच्या वेळी थंड सोडा ओतायचा. गेल्या मे महिन्यात सांगलीत मी आईला असा ग्लास दिला. तिने वास घेतला आणि विचारलं, “उपळसरी कुठे मिळाली गं तुला?”