१९८९ च्या शेव्हरले पिकअपसाठी योग्य इंजिन-कॉम्प्युटर कसा ओळखला

माझी १९८९ ची शेव्हरले सी-१५०० (५.७ लिटर, टीबीआय म्हणजे थ्रॉटल बॉडीतून इंधन फवारणारे इंजिन) गरम झाली की बंद पडत असे, आणि त्या वेळी किल्ली फिरवूनही ‘सर्व्हिस इंजिन सून’चा दिवा लागत नसे. इग्निशन मॉड्यूल आणि इंधन पंपाचा रिले बदलून काही झाले नाही, म्हणून इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर संशय आला. नुसते मॉडेल सांगून मागवलेल्या कॉम्प्युटरचे कनेक्टरच जुळले नाहीत. दोन शनिवार फुकट गेले.

प्रथम व्हीआयएनमधील (गाडीच्या ओळख क्रमांकातील) आठवे अक्षर (इंजिन) आणि दहावे (वर्ष) पाहिले. माझ्या गाडीत दोन्ही ‘के’च निघाल्याने थोडा गोंधळ झाला. मग बॅटरीची ऋण तार सोडवून ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा कॉम्प्युटर काढला आणि लेबलावरचा १२२७७४७ हाच क्रमांक असलेला दुसरा मागवला. त्यात प्रोमची चिप (त्या गाडीसाठीची माहिती साठवलेली चिप) येत नाही, म्हणून जुन्याचे छोटे झाकण उघडून निळ्या चौकटीतली चिप, तिची खाच कोणत्या बाजूला आहे हे टिपून, त्याच दिशेने नव्यात घट्ट बसवली. सर्व जोडून डायग्नोस्टिक सॉकेटमधील (दोष तपासण्याच्या जोडणीतील) ‘ए’ व ‘बी’ ही टोके तारेने जोडली आणि इंजिन सुरू न करता किल्ली ‘ऑन’ केली: ‘सर्व्हिस इंजिन सून’च्या दिव्याची एक लुकलुक, विराम, दोन लुकलुक, म्हणजे कोड १२, तीनदा; म्हणजे कॉम्प्युटरची तपासणी-यंत्रणा चालू आहे. कोड ५१ (प्रोममधील दोष) दिसल्यास चिप नीट बसलेली आहे का ते आधी पाहावे.