जिप्सीच्या बॉनेटवर घरच्या घरी स्कूप

स्कूप म्हणजे बॉनेटवर बसवलेलं, हवेसाठी एका बाजूनं उघडं असलेलं नाक. स्कूप म्हटलं की पहिला प्रश्न पिकअपचा. माझा भाचाही तेच म्हणाला, "मामा, मग किती पळंल गाडी?" त्याला वहीवर हिशेब मांडून दाखवला. ताशी १०० किलोमीटर वेगानं समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब साधारण ४६० पास्कल. आपल्या अवतीभवतीच्या हवेचा दाब एक लाख पास्कलच्या वर. म्हणजे स्कूपनं कितीही तोंड वासलं तरी इंजिनात अर्धा टक्कासुद्धा जादा दाब जात नाही. गार हवेचा फायदा खरा आहे, तापमान तीनेक अंशांनी उतरलं की हवा टक्काभर दाट होते. पण बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरचा पाइप आधीच पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा ओढत असतो. स्कॉर्पिओ किंवा जुन्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवर जे नाक आहे ते खालच्या इंटरकूलरवर, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीवर, वारा घालायला आहे. खाली इंटरकूलर नसताना तसलंच नाक चिकटवायचं तर ती हौस. हौसेला माझी ना नाही, पण मग पत्रा कापू नका, स्कूप नुसता वरून बसवा.

माझ्या मारुती जिप्सीचं काम वेगळं होतं. वैभववाडीकडून करूळ घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना बॉनेटखाली धग कोंडते, तिला वाट करून द्यायची. त्यासाठी स्कूपचं तोंड मागं, काचेकडं ठेवायचं. तोंड मागं असलं की चालत्या गाडीत समोरचा पाऊस सरळ आत घुसत नाही. जागा मात्र काचेजवळ घेऊ नका. काचेच्या बुडाशी हवा तुंबते, दाब वाढतो आणि तिथल्या भोकातून हवा उलटी आत शिरते. अमेरिकेत शेव्हरोलेनं मोठ्या इंजिनांच्या मसल कारच्या जमान्यात काही बॉनेटांवर हवा आत घेण्यासाठी मुद्दाम हीच जागा वापरली. गरम हवा काढायची तर रेडिएटरच्या थोडं मागं, बॉनेटच्या पुढच्या अर्ध्यात. शंका असेल तर बॉनेटभर लोकरीचे वीतभर धागे चिकटपट्टीनं लावा, गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि शेजारच्या सीटवरून मोबाइलवर शूटिंग करा. धागा जिथं मागं सपाट पडून राहतो तिथं हवा सुरळीत वाहते, जिथं फडफडत उचलला जातो किंवा उलटा वळतो ती जागा टाळा.

आता बॉनेट उघडून खालून बघा. वरचा पत्रा पातळ असतो, त्याला बळ देतो तो खालचा सांगाडा. तो कापायचा नाही, हा एक नियम पाळला तरी निम्मं काम नीट होतं. सांगाडा कापलेलं बॉनेट वेगात थरथरायला लागतं आणि लॉकवर ताण येतो. स्कूपची लांबी-रुंदी सांगाड्याच्या दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा ठरवते, तुमची आवड नाही. वरून पट्टी कुठं आहे ते कळायला खालून चुंबक धरायचा आणि वर एक छोटा नट ठेवायचा, नट चुंबकामागं फिरतो. बोल्टची टोकं खाली कशाला लागतील का, हे बघायला इंजिनवर कणकेचे गोळे ठेवून बॉनेट अलगद बंद करा आणि उघडा. गोळा जिथं दबला तिथं बोल्ट नको. उंचीसाठी पुठ्ठ्याचा स्कूप करून चिकटवा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून रस्ता बघा. तीन इंचाच्या वर मी कुणाला जाऊ देत नाही.

मी पॅटर्न शॉपमधला, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणाऱ्या खात्यातला माणूस, त्यामुळं साचा करायची मला आवड. पण स्कूप फायबरचा करायचा, त्याला घरी लाकूड तासायची गरज नाही. थर्माकोलचा ठोकळा गरम तारेनं कापा, पॉलिश पेपरनं आकार द्या. त्यावर थेट रेझिन, म्हणजे फायबर घट्ट करणारा चिकट द्रव, ओतू नका. पॉलिस्टर रेझिन थर्माकोल विरघळवतं, बघता बघता ठोकळ्याचा चिखल होतो. म्हणून आधी तपकिरी पॅकिंग टेप सुरकुती न पडू देता गुंडाळा आणि वर मेणाचं पॉलिश फिरवा. चारही बाजूंना इंचभर सपाट कड ठेवायला विसरू नका, बोल्ट तिच्यातच येणार.

फायबरचं सामान विकणाऱ्या दुकानात ४५० ग्रॅमची मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, मागा. तीन थर पुरतात, प्रत्येक थर जेमतेम मिलिमीटरभर होतो. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन. किलोला हार्डनर १० ते २० ग्रॅम, एप्रिलच्या उन्हात १० च ठेवा, नाहीतर मगातच दगड. आणि हे नीट वाचा: रेझिनमध्ये कोबाल्ट (ते लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) आधीच घातलंय का, ते दुकानदाराला विचारा. नसेल तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्हीच्या बाटल्या एका पिशवीत आणायच्या नाहीत. हातमोजे, चष्मा, मास्क, आणि काम अंगणात. ब्रशनं थोपटत मॅट पांढरी दिसायची थांबेपर्यंत हवा काढा. दुसऱ्या थरानंतर कडेत ६ मिलिमीटरचे बोल्ट डोकं वर, टोक खाली असे खोचा आणि तिसरा थर त्यांच्या डोक्यांवर नीट दाबा.

कापायला बॉनेट उतरवलेलंच बरं. बिजागरीच्या बोल्टभोवती मार्करनं रेघ मारून ठेवा, परत बसवताना फट जुळते. उतरवायला दोघं लागतात. मधली रेषा दोन्ही मडगार्डपासून दोरा ताणून काढा, नुसत्या नजरेनं नको. मास्किंग टेप लावून त्यावर आखणी करा, भोक स्कूपच्या कडेपेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर आत. चारी कोपऱ्यांत आधी १२ मिलिमीटरचं गोल भोक पाडा. चौकोनी कोपरा राहिला तर पत्रा तिथूनच फाटत जातो. मग जिगसॉ, लोखंडाचं बारीक दात्याचं पातं, आणि जिगसॉच्या तळाला टेप म्हणजे रंगावर ओरखडे नाहीत. ग्राइंडर लवकर कापतो म्हणून पुष्कळजण तोच उचलतात. त्याच्या ठिणग्या रंगात आणि काचेत रुतून बसतात, पावसाळ्यात तिथं तांबूस ठिपके उमटतात. कापलेली कड कानशीनं मोडा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा.

बसवताना कडेखाली रबराची पातळ पट्टी, तिच्यावर पीयू सीलंट, खालून मोठे वायसर आणि नायलॉक नट. नट हातानं बसवून पाना अर्धा-पाऊण फेराच फिरवा, फायबर चिरतं. काही गॅरेजवाले स्कूप आणि बॉनेट यांच्यात लांबी (पुट्टी) भरून सांधाच गायब करतात. नवीन असताना दिसतं झकास. पण उन्हात फायबर लोखंडापेक्षा जास्त फुगतं, आणि पहिला उन्हाळा सरेपर्यंत स्कूपभोवती बरोब्बर चीर उमटते. सांधा दिसू दे, त्याला काळी बीडिंग (कडेची पट्टी) शोभते. रंगाचं विशेष काही नाही: २२०, ४००, ८०० चा वॉटर पेपर, प्रायमर, आणि वरचा भाग मॅट काळा, म्हणजे ऊन डोळ्यावर परतत नाही.

पाण्याचा विचार मात्र डोकं शांत ठेवून करा. गाडी उभी असताना पाऊस आडवा आला की मागच्या तोंडातूनही आत येतो. भोकाच्या खाली पत्र्याचा उथळ ट्रे लावा, त्याला एका बाजूला उतार आणि पाणी जायला नळी, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर कोरडे राहतात. ट्रे आणि भोक यांच्यात दोनेक इंच जागा ठेवा, नाहीतर हवाही अडते. इंजिन गार असताना, बंद ठेवून, वरून बादलीभर पाणी ओता आणि खाली बघा. जूनमध्ये मी भोकावर रबर लावलेलं झाकण खालून दोन विंगनटांनी बसवतो, दसऱ्याला काढतो.

कागदपत्रांचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. कापण्याआधीच आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पुढची कोणतीही कड धारदार ठेवू नका, बुलगार्डवर बंदी आली ती रस्त्यावरच्या माणसाला लागतं म्हणूनही. मूळ बॉनेट कापायला जीव होत नसेल तर भंगारातलं दुसरं आणून त्यावर काम करा, फिटनेसच्या वेळी जुनं परत चढवता येतं.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट परत तपासा. ताशी साठच्या पुढं शिट्टी वाजायला लागली तर बीडिंग कुठंतरी उचललेली असते.