ससा सगळ्यात शेवटी : डोळ्यांच्या चाचण्यांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी नववीत असतानाची गोष्ट. चोपडा तालुक्यातल्या आमच्या शेतात कपाशीवर फवारणी चालू होती. पंपाचं नोझल तुंबलं, ते साफ करताना वडिलांच्या डोळ्यात औषध उडालं. "डोयामा दवाई गई रे!" एवढंच ते ओरडले. मडक्यातलं सगळं पाणी त्यांच्या डोळ्यावर ओतलं, तरी दोन दिवस त्यांना उजेड सहन झाला नाही. म्हणून 'चाचण्या हव्यातच कशाला' असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. कुठलं रसायन डोळ्याचं काय करतं, हे बाटली शेतात येण्याआधी कळायलाच हवं. ते कळून घेण्यासाठी कोणाला किती सोसायला लावायचं, हा खरा प्रश्न आहे आणि मी त्याच कामात आहे.

एम. फार्म. झाल्यावर ताप्ती लाइनची गाडी धरून गुजरातेत एका प्रयोगशाळेत रुजू झालो. तिथे ड्रेझ चाचणी पहिल्यांदा जवळून पाहिली. ही पद्धत १९४४ सालची. सशाची खालची पापणी ओढायची, तिच्या खोबणीत ०.१ मिली पदार्थ सोडायचा आणि १, २४, ४८, ७२ तासांनी गुण द्यायचे. इजा राहिलीच तर २१ दिवसांपर्यंत पाहत राहायचं. ड्रेझच्या मूळ तक्त्यात एकूण ११० गुण, त्यातले ८० एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे. वेदनेला एकही नाही.

त्या पहिल्या सशाला वेदनाशामक दिलं नव्हतं. स्टडी प्लॅनमध्येच नव्हतं. मी नवा होतो, गप्प बसलो, आणि ते आजही सलतं. ससा सहसा ओरडत नाही. शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो. डोळा अर्धवट मिटतो, अंग आखडून कोपऱ्यात बसतो, दात करकरतात, लेंड्या कमी होतात, समोरची लसूणघास तशीच पडून राहते. हे ओळखायला शिका. गुणांचा तक्ता कोणीही भरतो.

नंतर मी ओईसीडीची, म्हणजे रसायनांच्या चाचण्यांच्या पद्धती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, ४०५ क्रमांकाची मार्गदर्शिका मुळातून वाचली. ती याच सशाच्या डोळ्याच्या चाचणीची आहे. २०१२ च्या सुधारणेपासून तिच्यात स्वच्छ लिहिलंय : पदार्थ घालण्याच्या ६० मिनिटं आधी बुप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन, ५ मिनिटं आधी डोळ्यात भुलीचे थेंब, आणि ८ तासांनी पुन्हा बुप्रेनॉर्फिन, सोबत मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक. सुरुवात एकाच सशावर. त्यातच गंभीर इजा दिसली तर पुढचे ससे घ्यायचे नाहीत, आणि त्रास हाताबाहेर जातोय असं दिसलं तर प्रयोग तिथेच थांबवायचा. सिनियर काय सांगतात त्यावर विसंबू नका, ही पानं स्वतः वाचा.

त्याच पानांमध्ये आणखी एक गोष्ट आहे : सशाकडे जाण्याआधी पीएच, म्हणजे पदार्थ किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा, बघा. दुसऱ्या नोकरीत एका साफसफाईच्या द्रवाचं सॅम्पल आलं. ससे पिंजऱ्यात येऊन रुळले होते, तारीखही ठरली होती. मी पीएच मीटर लावला, आकडा १२.३ वर स्थिरावला. ११.५ च्या वर गेलं की पदार्थ डोळ्याला जाळणारा धरायचा, ससा वापरायचाच नाही. द्रवाची आम्ल रिचवायची क्षमताही तपासली, ती भरपूर निघाली, म्हणजे अल्कलीचा जोर नुसता आकड्यापुरता नव्हता. स्टडी डायरेक्टर मॅडमना कागद दाखवला, त्यांनी त्याच दुपारी चाचणी रद्द केली. माझ्या मते या कामातली सगळ्यात जास्त दया टेबलाशी बसून होते : जुनी माहिती शोधताना, आणि प्राणी नैतिकता समितीकडे परवानगी मागण्याचा फॉर्म बी भरताना. पर्यायी पद्धत का चालत नाही, हा त्यातला रकाना कॉपी-पेस्ट करू नका.

पर्याय आहेत. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांचा कॉर्निया चौकटीत बसवून तो किती धुरकटतो आणि त्यातून रंग किती झिरपतो हे मोजणारी पद्धत ओईसीडीने २००९ मध्ये स्वीकारली, मानवी पेशींपासून वाढवलेल्या थरावरची २०१५ मध्ये. सौंदर्यप्रसाधनांसाठी तर आपल्या देशात २०१४ पासून प्राण्यांवर चाचणी करायला बंदीच आहे.

पण हात बसवायला एवढ्या यंत्रांची गरज नाही. धुळे, जळगाव, शिरपूरकडे फार्मसी शिकत असाल तर मार्गदर्शकांना विचारून अंड्यांवरची चाचणी करून बघा. नवापूरला कुक्कुटपालन मोठं आहे, तिकडे फलित अंडी मिळतात का विचारा. नऊ दिवस उबवायची, हवेच्या पोकळीवरचं कवच कापायचं, आतलं पांढरं पापुद्र्यासारखं आवरण सलाइनने ओलं करून चिमट्याने उचलायचं. खाली लाल शिरांचं जाळं दिसतं. त्यावर पदार्थ सोडून ३०० सेकंद बघायचं : रक्त कधी फुटतं, शिरा कधी विरतात, कधी गोठतं. एका अंड्यावर फक्त सलाइन, एकावर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, तुलनेसाठी. या एकट्या चाचणीवर निकाल लागत नाही, पण तीव्र पदार्थ लवकर उघडा पडतो. सुरुवातीची बरीच अंडी वाया जातील. आवरण ओढताना शीर फुटते आणि ते रक्त पदार्थामुळे आलं की चिमट्यामुळे, हे मग सांगता येत नाही. असं अंडं मोजू नका, बाजूला काढा, वहीत तसं लिहा आणि दुसरं घ्या.