सोरायसिसवर कॅल्सिपोट्रिऑल लावताय? या चुका टाळा

निरोगी त्वचेची पेशी तळाशी जन्मते आणि वर येऊन गळून पडते. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यावर तोच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो आणि अर्धकच्च्या पेशींचे रुपेरी खवले साचतात. कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वासारखं बनवलेलं औषध आहे. ते पेशीतल्या ड जीवनसत्त्वाच्या रिसेप्टरला (संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि जनुकांच्या कामात हात घालतं. त्यामुळे पेशींची वाढ मंदावते, त्या नीट पक्व होतात आणि दाहही उतरतो.

हे काम सावकाश चालतं, आणि सर्वांत मोठी चूक इथेच होते. चौथ्या-पाचव्या दिवशी लाली तशीच दिसली की ट्यूब कपाटात जाते आणि मेडिकलमधून एखादं कडक स्टेरॉईड मलम येतं. त्याने झटपट बरं वाटतं, पण ते मनाने सुरू-बंद केलं की चट्टे दुप्पट जोमाने उसळू शकतात. कॅल्सिपोट्रिऑलचा फरक दिसू लागायला दोन आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला सहा ते आठ. डॉक्टरांनी स्टेरॉईडसोबतचं एकत्रित मलम दिलं असेल तर गोष्ट वेगळी. तेही ठरलेल्या मुदतीपुरतंच.

दुसरी चूक सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. खवले सुटावेत म्हणून सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम लावायचं आणि त्यावरच हे. आम्लात कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं, म्हणजे महागडी ट्यूब पाण्यात! तळहातावर दोन मलमं कालवून लावणं तर नकोच. दोन्ही लिहून दिली असतील तर कोणतं कधी लावायचं, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

फोटोथेरपी, म्हणजे अतिनील किरणांचा उपचार, चालू असेल तर मलम उपचारानंतर लावा. आधी लावलं तर अतिनील किरणांनी औषध मोडतं आणि मलमाचा जाड थर किरणांनाही अडवतो.

प्रमाणाचं काय? बोटाच्या टोकाच्या पेरभर मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरे. मोठ्या माणसांसाठी आठवड्याची मर्यादा 100 ग्रॅम. त्यापुढे औषध रक्तात उतरून कॅल्शियम वाढू शकतं: खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता. मूत्रपिंडाचा किंवा कॅल्शियमचा विकार असेल तर आधीच सांगा. सोबत 60,000 युनिटच्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. मलमाला तो पर्यायही नाही, कारण चट्ट्यातल्या पेशींपर्यंत औषध पोचवायचं तर ते चट्ट्यावरच लावावं लागतं.

चेहरा, काख, जांघ इथली कातडी नाजूक. तिथे कॅल्सिपोट्रिऑल आग करतं. अशा जागी डॉक्टर बहुधा सौम्य कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचंच दुसरं मलम) किंवा दुसरं काही देतात. लावून झाल्यावर हात साबणाने धुवा, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागतं. चट्ट्याभोवती थोडी चुरचुर पहिले काही दिवस होतेच. कातडी लालभडक होऊन सोलवटू लागली तर मात्र मलम थांबवून डॉक्टरांना दाखवा.