भाड्याच्या इमारतीची किंमत निव्वळ भाड्यावरून अंदाजावी
चार बिऱ्हाडांची भाड्याची इमारत विकत घेताना विक्रेता सांगतो तो चौरस फुटाचा दर बाजूला ठेवून आधी वर्षाकाठी हातात पडणारे निव्वळ भाडे काढावे. समजा, प्रत्येक बिऱ्हाड महिना १२,००० रुपये देते, म्हणजे वर्षाला ५,७६,००० रुपये येतात. त्यातून जागा रिकामी राहण्यापोटी एका महिन्याचे ४८,००० रुपये आणि मालमत्ता कर, पाण्याच्या मोटारीचे व जिन्यातल्या दिव्यांचे वीजबिल, गच्चीची गळती यांसाठी १,०८,००० रुपये वजा केल्यास ४,२०,००० रुपये उरतात. (गळती विक्रेत्याच्या हिशेबात सहसा नसते.) या रकमेला किमतीवरच्या अपेक्षित वार्षिक परताव्याच्या दराने भागले की किंमत मिळते: परतावा ४ टक्के धरल्यास ती १ कोटी ५ लाख रुपये येते आणि ३.५ टक्के धरल्यास १ कोटी २० लाख, म्हणून हा दर मनाने न धरता आसपासच्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून ठरवावा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला मालमत्तेचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. तो बाजारभाव नव्हे. एखाद्या खोलीत जुना संरक्षित भाडेकरू असेल, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार त्याचे भाडे सर्वसाधारणपणे वर्षाला ४ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, तेव्हा ते बिऱ्हाड आजच्या चालू भाड्याने न मोजता त्याच्या भाडेपावतीवरच्या रकमेनेच मोजावे.